बीमखाली वीतभर पोकळी

अर्विन लोपकी या माणसाला आयुष्यात एक खिळा सरळ ठोकता आला नाही, आणि आमच्या चर्चच्या बांधकाम समितीचा अध्यक्ष तोच झाला. तो बियाणं विकतो. कनोला, सोयाबीन, गहू. पोतं खपवताना त्याचा जो आवाज लागतो तोच प्रार्थनेला लागतो, आणि आमच्या लिंडेनहोफ गावच्या लोकांना या दोन्हींतला फरक कधी कळलेला नाही. मला कळतो. मी आगाथा पेनर, चर्चच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. तिथल्या खिडकीतून माणसं पाठमोरी दिसतात, आणि पाठमोऱ्या माणसाला सोंग करता येत नाही.

आमचं जुनं चर्च लाकडी, पांढरं, आजोबांच्या पिढीने रशियातून आल्या आल्या उभारलेलं. मनोरा नाही, रंगीत काच नाही, बाकं अशी की झोप लागू नये. एका कोपऱ्यात छत गळायचं, तिथे बादली ठेवायची. एवढंच दुखणं. पण मग विनिपेग शहराहून पास्टर केन्डल बार्कमन आले, टोकदार बूट घालून, आणि त्यांना या बादलीत देवाचा संदेश दिसला.

तीन महिने दर रविवारी बांधकाम. नोहाचं तारू, शलमोनाचं मंदिर, यरुशलेमची पडलेली भिंत. मग येशू स्वतः सुतार होता, हे त्यांनी अशा थाटात सांगितलं की जणू आदल्या दिवशीच त्यांना कुणीतरी कानात सांगितलं असावं. शेवटी म्हणाले, आपण सगळे जिवंत दगड आहोत. अर्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. गव्हाचा भाव चढला की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या दिवशी कुणी दगड म्हटलं म्हणून आलं.

नवं चर्च बांधायचं ठरलं. काचेच्या भिंती, मनोरा, चारशे माणसं मावतील अशी जागा. आम्ही मंडळी सारी मिळून अडीचशे, पण पास्टर म्हणाले की श्रद्धा रिकाम्या खुर्च्या मोजत नाही.

ऑक्टोबरात इसब्रांड हार्डर माझ्या तळघरात आला, दरवर्षी येतो तसा. आमच्याकडची माती काळी, चिकट. गंबो म्हणतो आम्ही तिला. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून इथली घरं तळघरातल्या लोखंडी खांबांवर उभी असतात, आणि खांबांना स्क्रू असतात. दर हिवाळ्याआधी कुणालातरी ते जाणत्या हाताने फिरवावे लागतात, नाहीतर दारं लागत नाहीत आणि भिंती तडकतात. आसपासच्या चार गावांत तो जाणता हात एकच. इसब्रांड तुळईला कान लावतो, पाव फेरा देतो, पुन्हा कान लावतो. बाहत्तर वर्षांचा आहे, बोलतो कमी.

तो चर्चचा सभासद नाही. होता. त्र्याऐंशी साली त्याने पलीकडच्या युक्रेनी वस्तीतल्या ओल्हाशी लग्न केलं. ओल्हा घटस्फोटित. पहिला नवरा तिला मारायचा, पण जिवंत होता, आणि आमच्या वडीलधाऱ्यांना त्याच्या मारण्यापेक्षा त्याचं जिवंत असणं महत्त्वाचं वाटलं. सभा भरली, हात वर झाले, इसब्रांडचं नाव वहीतून काढलं. वर झालेल्या हातांत माझाही होता. मी अठ्ठावीस वर्षांची होते, पण हे वय काही कारण म्हणून सांगत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी माणसाला कळतं.

ओल्हा अकरा वर्षांपूर्वी गेली. आमच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली नाही. तिच्या घरी कुणी जेवण घेऊन गेलं नाही. मी चेरीचा प्लात्स, म्हणजे आमचा फळांचा केक, भाजला होता, टोपलीत ठेवून वर फडकंही घातलं होतं. तो तीन दिवस माझ्याच टेबलावर राहिला, मग मीच खाल्ला.

तर इसब्रांडने खांब फिरवला, हात पुसले आणि म्हणाला, "तुमच्या नव्या चर्चचा पाया बघून आलो. रस्त्यावरून."

"कसा आहे?"

"खांब खोल घातलेत, ठीक. पण खांबांवरचे बीम सरळ मातीवर ओतणार आहेत. खाली पोकळी ठेवलेली नाही."

"पोकळी कशाला?"

त्याने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एवढी. बीम आणि माती यांच्यामध्ये. खाली पुठ्ठ्याच्या पेट्या ठेवायच्या, वर काँक्रीट ओतायचं. पुठ्ठा कुजून जातो, जागा उरते. पाणी पडलं की माती त्या जागेत फुगते. जागा नसली तर ती बीमलाच उचलते. वर कोण प्रार्थना करतंय ते गंबोला कळत नाही, आगाथा."

"तू सांग ना जाऊन त्यांना."

"मी?" तो म्हणाला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला.

म्हणून मी सांगितलं. गुरुवारी समिती बसली होती, मी कॉफी घेऊन गेले आणि किटली हातात धरूनच बोलले. अर्विनने पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

"पुठ्ठा? आगाथा, देवाचं घर पुठ्ठ्यावर?" तो हसला. "नकाशात होत्या त्या पेट्या. मीच काढायला लावल्या. भाच्याला म्हटलं, आमचं चर्च भरीव मातीवर बसलं पाहिजे."

ठेकेदार त्याचा भाचा होता. मामाने सांगितलं, भाच्याने ऐकलं.

"प्रभूने खडकावर बांधायला सांगितलंय," पास्टर मवाळपणे म्हणाले. "पोकळीवर नाही. यात एक सुंदर अर्थ आहे."

"इथे खडक साठ फूट खाली आहे, पास्टर. वर सगळा गंबोच."

"हे तुला सांगितलं कुणी?" अर्विनने विचारलं.

"इसब्रांड हार्डरने."

मग कुणीतरी नाकातून हसलं. अर्विन म्हणाला, "बरं. बाहेरच्या माणसाकडून देवाच्या घराचा पाया शिकायची वेळ अजून आली नाही आपल्यावर."

मला बोलता आलं असतं. या बाहेरच्या माणसाने तुमच्या पाचही जणांच्या घरांची तळघरं सावरलीत, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी विचारलं, साखर कुणाकुणाला हवी.

हिवाळाभर काम चाललं. फेब्रुवारीत 'हातभार दिवस' झाला: साठ पुरुष नव्या कोऱ्या हातोड्या घेऊन आले, फोटोग्राफरने सांगितलं तशा उगारून धरल्या, मग चार खिळे ठोकले. नंतर माझं तीन हंडे बोर्श्ट सूप संपवून गेले. दुसऱ्या दिवशी भाच्याच्या माणसांनी त्यांनी ठोकलेलं सगळं उपटून पुन्हा ठोकलं. दारापाशी ग्रॅनाइटचा दगड बसवला. त्यावर समितीच्या पाच जणांची नावं, पहिलं अर्विनचं, आणि खाली बारीक अक्षरात 'येशू ख्रिस्ताच्या गौरवासाठी'. आमचे आजोबा स्वतःच्या थडग्यावरसुद्धा मोठी अक्षरं घालू देत नसत.

वसंतात बर्फ वितळलं आणि मे महिनाभर पाऊस पडला. नव्या स्वयंपाकघरातली कपाटं आपोआप उघडायला लागली. मी ओट्यावर उकडलेलं अंडं ठेवलं, ते घरंगळत थेट सिंकमध्ये गेलं. अर्विनला बोलावून पुन्हा करून दाखवलं.

"नवी इमारत आहे," तो म्हणाला. "बसतेय."

"बसत नाही, अर्विन. उठतेय."

"तू रोल भाज, आगाथा."

जूनच्या पहिल्या रविवारी समर्पण होतं. सात गावांतून माणसं आली, खरोखर चारशे. पुढचं ओकचं दार सकाळी दोघांनी मिळून ओढलं तेव्हा उघडलं. बाजूच्या दरवाजाची चौकट आठवडाभर आधीच आवळली होती. तिथे अर्विनने खुर्च्यांची चळत लावून ठेवली, म्हणजे कुणाच्या लक्षात यायला नको. माझ्या स्वयंपाकघराचं मागचं दार चार बोटंच उघडायचं. पाय जाईल, पोट जाणार नाही.

वारा सुटला होता, म्हणून दारावरच्या माणसांनी पुढचं दार जोर लावून ओढून घेतलं. मग भजनं झाली, आणि पास्टरांनी दोन घरं बांधणाऱ्यांचा दृष्टांत घेतला: शहाण्याने खडकावर बांधलं, मूर्खाने वाळूवर. पन्नास मिनिटं. शहाण्याचं वर्णन करताना ते अर्विनकडे बघत होते, आणि अर्विन नम्रपणे जमिनीकडे. त्या जमिनीला तोवर चांगला उंचवटा आला होता, पण तो काही त्याला दिसला नाही.

आशीर्वाद झाला, लोक उठले, आणि दार उघडेना.

आधी दोघांनी ढकललं, मग सहांनी. कुणी हसलं. मग हसणं थांबलं. काचेच्या भिंती नुसत्या बघायच्या, एकही उघडत नव्हती. बाहेर तंबूत आम्ही जेवण मांडून ठेवलं होतं, सॉसेज, झ्वीबाकचे गोल पाव, लोणची, आणि चारशे माणसांना काचेतून अगदी स्वच्छ दिसत होतं की कावळे आमचे झ्वीबाक खाताहेत. गावचं अग्निशमन पथक पुढच्या रांगेत गणवेशात बसलं होतं, फोटोसाठी. त्यांची गाडी आणि सगळी हत्यारं पाच मैलांवर, कुलुपात. अर्विन म्हणाला, "शांत राहा. समिती बघतेय." समितीने दाराकडे बघितलं.

मी मागे जाऊन फोन लावला.

"इसब्रांड, आम्ही अडकलोय."

"आम्ही म्हणजे कोण?"

"सगळं चर्च. दारं उघडत नाहीत."

मला त्याच्या स्वयंपाकघरातला रेडिओ ऐकू येत होता.

"घाई किती आहे?" त्याने विचारलं.

"एकशे तीस पोरं आणि दोन संडास."

"येतो."

वीस मिनिटांत आला. काचेबाहेरून एकदा इमारतीला फेरी मारली, कुणाकडेही न बघता. मग दारापाशी वाकला. आतून अर्विन ओरडला, "आम्ही ढकलू का?"

"नको. मागे सर."

"सगळे मिळून जोर लावला तर..."

"अर्विन, दार बाहेर उघडतं. बिजागऱ्या माझ्या बाजूला आहेत. तू फक्त मागे सर."

त्याने छिन्नी लावून तिन्ही बिजागऱ्यांच्या खिट्ट्या ठोकून काढल्या, फटीत पहार घातली, आणि ते भलंमोठं ओकचं दार एका कुशीवर कण्हत बाहेर आलं. त्याने आणि आतून आलेल्या एकाने धरून ते भिंतीला टेकवलं, नेमकं त्या ग्रॅनाइटच्या दगडासमोर. नावं झाकली गेली. मुद्दाम की कसं, मी विचारलं नाही. पोरं आधी पळाली, मग म्हातारे.

इथवर झालं असतं तर बरं होतं. पण पास्टरांना राहवलं नाही. त्यांनी इसब्रांडचं मनगट धरलं, त्याला व्यासपीठापर्यंत आणलं, माइक घेतला. जे बाहेर गेले होते तेही दारात परत जमले.

"बंधूभगिनींनो," पास्टरांचा आवाज भरून आला होता, "गवंड्यांनी टाकून दिलेला एक दगड शास्त्रात आहे. तोच पुढे कोपऱ्याचा मुख्य दगड झाला. आज तो दगड आपल्या दारातून आत आलाय!"

टाळ्या वाजल्या. बायका डोळे पुसू लागल्या. अर्विनही पुसत होता.

इसब्रांडने आपलं मनगट सोडवून घेतलं. माइक घेतला नाही, पण त्याचा आवाज पोचला.

"मी दगड नाही. दगडाची बायको मरत नाही."

पास्टरांनी माइक खाली केला.

"मला दार काढायला बोलावलं होतं, ते काढलं. आता खाली बघू देता का, का अजून भाषण आहे?"

माझ्या कोठीच्या खोलीत जमिनीला झडप होती, खाली बीमांच्या मधून सरपटण्यापुरती जागा. इसब्रांड टॉर्च घेऊन खाली उतरला, अर्ध्या तासाने कोपरांपर्यंत काळा होऊन वर आला. समिती वर उभी होती, चांगल्या कपड्यांत.

"पाडायची गरज नाही," तो म्हणाला. "पण सगळ्या बीमखालची माती हाताने काढावी लागेल. आडवं पडून, छोट्या फावड्याने, बादलीने. मशीन आत जाणार नाही. सहा माणसं आणि अख्खा उन्हाळा. आणि फोटो काढायचे नाहीत."

त्या दिवशी एकवीस जणांनी नावं दिली. सोमवारी दोघं आली: आमचा निवृत्त पोस्टमन, आणि प्राथमिक शाळेतली एक बाई, जी चर्चला फार येतही नाही. अर्विनची पाठ दुखत होती. पास्टर आमच्यासाठी प्रार्थना करत होते, कुठून ते कळलं नाही. एकोणसत्तराव्या वर्षी मला आडवं पडणं शक्य नव्हतं, म्हणून मी झडपेपाशी बसून बादल्या वर ओढल्या.

पहिल्या आठवड्यात मी इसब्रांडला विचारलं, "तू का करतोस हे? त्यांच्यासाठी?"

"एकशे तीस पोरं म्हणालीस ना फोनवर," तो म्हणाला. "ती पुढच्या रविवारीही येणार. बादली रिकामी कर."

जुलैत एका दुपारी अर्विन आला. अंगात इस्त्री केलेला कामाचा पोशाख. काम कुठवर आलंय ते समितीला सांगायचं होतं म्हणे. "जरा आत जाऊन बघतो," म्हणाला आणि झडपेतून उतरून सरपटत गेला. दहा मिनिटांनी आतून असा आवाज आला की मला आधी जनावर वाटलं. मनोऱ्याखालच्या बीमखाली तो खांद्यापर्यंत शिरला होता आणि घाबरून फुगला होता. जितका घाबरेल तितका जास्त अडकत होता.

मी झडपेतून वाकून बघितलं. इसब्रांड त्याच्या पायांशी पालथा पडला होता आणि त्याचा बूट घट्ट धरून प्लाउटडीचमध्ये बोलत होता, आमच्या घरच्या बोलीत.

"अर्विन, यंदा कनोला कुठलं विकतोयस?"

"मी मरणार आहे."

"मरशील. पण कनोला कुठलं?"

अर्विन हुंदके देत सांगायला लागला. हे वाण, ते वाण, एकरी किती, बुरशीला कुठलं टिकतं. इसब्रांड विचारत गेला, "आणि सोयाबीनमध्ये?", आणि दर उत्तराला तो बूट इंचभर मागे ओढत गेला. सोयाबीन संपून गहू निम्मा झाला तेव्हा अर्विन बाहेर आला. पँट ओली झालेली, तोंडावर चिखल. इसब्रांडने त्याला पाणी दिलं आणि पुन्हा आत सरपटला. अर्विन तसाच गाडीत बसून गेला.

हे मी कुणाला सांगितलं नसतं. पण ऑक्टोबरात कापणीच्या आभारदिनी अर्विन व्यासपीठावर उभा राहून म्हणाला की, "प्रसंग आला तेव्हा समिती मागे राहिली नाही. मी स्वतः त्या अंधारात उतरलो." म्हणून सांगतेय.

ज्या दिवशी अर्विन अडकला त्याच दिवशी, काम संपल्यावर, आम्ही दोघं मागच्या पायरीवर कलिंगड आणि तळलेलं रोलकुखन खात बसलो होतो. मी म्हणाले, "त्र्याऐंशी साली मी हात वर केला होता."

"माहीत आहे. मी भिंतीशी उभा होतो. तिसरी रांग, खिडकीकडून दुसरी."

"मग माझ्या तळघरात दरवर्षी का येतोस?"

"तुझं घर कलतं म्हणून." त्याने बिया गवतात थुंकल्या. "आणि तुला मी दुप्पट पैसे लावतो."

मला हसू आलं. तो हसला नाही. नंतर पोस्टमनला विचारलं, त्याच्याकडून इसब्रांड किती घेतो. खरंच दुप्पट लावत होता, सगळी वर्षं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. निदान एका माणसाने मला माझ्या लायकीप्रमाणे वागवलं होतं.

सप्टेंबरच्या अखेरीला शेवटची बादली निघाली. बीम हळूहळू खाली आले, दार पुन्हा बसलं. जमिनीला थोडा उतार राहिला तो राहिलाच.

नोव्हेंबरात वार्षिक सभा झाली. पास्टरांनी ठराव मांडला: बंधू इसब्रांड हार्डर यांना क्षमा करून मंडळीत परत घ्यावं. सगळे माना डोलवू लागले. आपण किती मोठ्या मनाचे, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. हातात किटली नव्हती.

"कुणी कुणाला क्षमा करायची?" मी विचारलं.

"आगाथा, आपण नंतर..." अर्विन म्हणाला.

"आत्ताच. त्याला परत यायचंय असं तो कुणाला म्हणालाय? कुणी विचारलंय त्याला? मी दुसरा ठराव मांडते. त्र्याऐंशी साली आपण इसब्रांड आणि त्याची बायको ओल्हा यांच्यावर अन्याय केला, अशी नोंद वहीत करायची. बस. त्याने काय करायचं ते तो बघेल."

दोन तास वाद झाला. नियम, परंपरा, मेलेल्या वडीलधाऱ्यांची अब्रू. मेलेल्या ओल्हाच्या अब्रूबद्दल एक अक्षर नाही. शेवटी हात मोजले: चौऱ्याहत्तर बाजूने, एकोणसत्तर विरुद्ध. बाजूच्या हातांत अर्विनचा सर्वांत शेवटी वर आला, कोपर बरगडीला चिकटलेलं, पण आला. त्याच्याबद्दल मला एवढं एकच चांगलं सांगता येईल, आणि तेही सांगताना जीभ जड होते.

सचिवाने नोंदीची प्रत काढून दिली. मी ती घेऊन इसब्रांडकडे गेले, या वेळी प्लात्सही नेला. त्याने चष्मा लावला, कागद खिडकीपाशी धरून सावकाश वाचला, आणि परत माझ्या हातात दिला.

"ओल्गा लिहिलंय," तो म्हणाला. "ती ओल्हा होती."

"एका अक्षराची चूक आहे, इसब्रांड. सचिवाला..."

"इथे सगळे तिला ओल्गाच म्हणायचे. ती दर वेळी दुरुस्त करायची. पुन्हा लिहून आण."

प्लात्स त्याने ठेवून घेतला.

वहीतली नोंद बदलायला सभेची मंजुरी लागते, असं सचिव म्हणाला. अर्विन म्हणाला, एका अक्षरासाठी कोण सभा बोलावतं. मी म्हणाले, तोपर्यंत स्वयंपाकघर बंद. दोन रविवार चर्चमध्ये कॉफी मिळाली नाही, आणि तिसऱ्या रविवारी सभा भरून वहीतल्या 'गा'चा 'हा' झाला.